खाली थोडा सैल

मे महिन्यात लोकर विणणारा
सड्यावर मी एकटाच.
पंखा पाचवर, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर स्वेटर,
तरी घामोळं उठायचं ते उठतंच.

लोकर मडगावच्या काकोड्यांकडची.
पोराला माळ्यावर चढवून खोका उतरवला,
डांबरगोळ्यांच्या वासासकट.
"कोणाला हो, या दिवसांत?"
स्विंडनला, म्हटलं. मुलीला.
त्यानं दहा रुपये आपणहून सोडले. भाऊ तिथेच त्याचा,
गोदामात, रात्रपाळीला.

विणायला शिकवलं शेजारच्या एर्मेलिंदानं.
सुलट-उलट आठवड्यात बसलं हातात.
पण मला पीळ हवा होता.
एकतीस वर्षं मुरगाव बंदरात जहाजं बांधली मी,
मनगटाहून जाड दोर खुंटावर चढवले.
अठ्ठ्याण्णव साली एक तुटला,
जाताना डावी करंगळी घेऊन गेला.
बायका धागा ताणून धरतात
तो नेमका करंगळीवर.
मी अनामिकेला दोन वेढे देतो. चालतं.

पीळ म्हणजे पिळायचं असेल, असं वाटलेलं.
इथे कोणी कोणाला पिळत नाही,
नुसती रांग मोडायची.
चार टाके तिसऱ्या सुईवर काढायचे
(माझी तिसरी सुई म्हणजे छत्रीची काडी,
पायरीवर घासून गुळगुळीत केलेली),
पुढे लोंबकळत ठेवायचे,
मागच्या चारांना आधी जाऊ द्यायचं,
मग यांना घ्यायचं.
सात ओळी सरळ. आठवीला पुन्हा.
लांबून बघणाऱ्याला दोर दिसतो.

ते लोंबकळणारे चार मला बघवत नाहीत.
तेवढ्यात कोणी बेल वाजवली तर उठत नाही मी.

माप तिच्या कॉलेजातल्या कुडत्यावरून घेतलं.
पाठ काखेपर्यंत आली, पाच पीळ शेजारी शेजारी,
तेव्हा सुविधाचा मेसेज आला:
"पप्पा, खाली थोडा सैल ठेवा."
बस्स. पुढे अंगठा.

आता खालून सुरू झालेलं खाली सैल कसं करायचं?
तणतणत गेलो एर्मेलिंदाच्या दारात.
तिनं मेसेज वाचला, चष्मा काढला,
मासळी कापायची थांबली.
"पिश्या, सकयल सैल म्हळ्यार कितें, कळना तुका?"

कळायला मला जिना उतरून
परत चढावं लागलं.

सगळं उसवलं. अठरा दिवसांचं काम
वीस मिनिटांत.
उसवलेली लोकर कुरळीच राहते,
होती तिथली वळणं धरून बसते.
धुतली, दोरीवर टांगली,
खाली ओल्या नारळाची करवंटी बांधली वजनाला.
दोन दिवस आमच्या बाल्कनीत
राखाडी पागोळ्या.

पीळ कापड आवळतो, एर्मेलिंदानं बजावलं.
हे मला कोणी सांगायला नको होतं.
खनिज उतरलं की जहाज वर येतं,
भरतीला आणखी वर.
ताठ बांधून घरी झोपायला गेलेला माणूस
बंदरात एकदाच चुकतो.
आम्ही रात्रभर धक्क्यावर बसायचो, चहा आणि विड्या,
थोडी थोडी ढील देत.

एकशे चाळीस टाके घातले.
दोन पिळांमधलं उलटं रान रुंद ठेवलं,
वर जाताना एकेक टाका कमी करत नेला.
मधला पीळ मात्र होता तसाच, नाकासमोर.

तिला मी काही विचारलं नाही.
वैजू असती तर तिनं फोनवर हसून, रडून
सगळं काढून घेतलं असतं मिनिटात.
मी लिहिलं: "ठेवतो. किती?"
ती म्हणाली: "थंडीपर्यंत पुरेल इतका."
बोटं मोजली मी. नऊच आहेत.

पार्सल गेलं सोमवारी.
पोस्टातल्या पोरीनं वजन केलं, सातशे चाळीस ग्रॅम,
आत काय विचारलं, मी दोर म्हणालो,
मग खोडून स्वेटर लिहिलं.

दीड गुंडा उरलाय.
बारा नंबरच्या सुया आणून ठेवल्यात, बारीक.
टाके किती घालायचे
ते तिनं सांगितल्यावर.